संगीत : स्पर्धकांची निवड

घोडा नाचतो असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल वाटून घ्यावं, पण दुसऱ्या मजल्यावरच्या ध्वनिकक्षात बसणाऱ्या बाईंना तसं कधीच वाटलं नाही. घोडा चालतो. कधी तिरका चालतो, कधी जागच्या जागी पावलं उचलतो, कधी स्वतःभोवती संथ गिरकी घेतो, आणि त्याच्या पाठीवरची व्यक्ती आपला या सगळ्याशी काही संबंध नाही असा चेहरा करून ताठ बसते. या खेळाला ड्रेसाज म्हणतात. त्याची शेवटची फेरी संगीतावर असते, आणि ती टीव्हीवर पाहणाऱ्याच्या मनात हटकून येतं की आपल्या घरात एकालाही या जनावराइतका ताल नाही.

आता यातली आतली गोष्ट अशी. मैदानात स्वारांनी निवडलेली गाणी वाजत, पण ती प्रसारित करायचे हक्क वाहिनीकडे नव्हते. त्यामुळे दूरच्या मैदानातून फक्त चित्र यायचं आणि संगीत या इमारतीत बाई घालायच्या. वाहिनीच्या स्वतःच्या साठ्यातली एखादी धून काढायची, डोळे घोड्याच्या पुढच्या डाव्या पायावर ठेवायचे, आणि उजव्या हाताखालची एक गोल कळ केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवत ती धून त्या पायाला बांधून ठेवायची. घोडा रेंगाळला की धून रेंगाळायची. घोड्यानं लांब टांग टाकली की व्हायोलिनवाल्यांनीही लांब श्वास घेतलाच पाहिजे. अकरा वर्षं बाईंनी हे काम केलं, थेट प्रक्षेपणात, एकदाही पाऊल न चुकवता. अंगठ्याला त्या कळीचा घट्टा पडला होता.

कार्यक्रम संपला की पडद्यावर नावं सरकत जातात. त्यात समालोचकाचं नाव असे, संकलकाचं असे, गाड्यांची व्यवस्था पाहणाऱ्याचं असे, समालोचकाचा कोट शिवणाऱ्या शिंप्याचंही असे. संगीताच्या पुढे मात्र लिहिलेलं असे, 'स्पर्धकांची निवड'.

याचं दुःख बाईंना किती होतं हे त्यांनी कुणाला दाखवलं नसतं, पण घरी आई होती. आई ब्याऐंशी वर्षांची. कान तिखट, डोळे मात्र चष्म्यावाचून निकामी. लेक टीव्हीत साउंडमध्ये आहे एवढंच तिला माहीत होतं, आणि साउंड म्हणजे त्या समालोचकाचा आवाज मोठा करणं अशी तिची पक्की समजूत होती. लेकीच्या नोकरीविषयी तिची तक्रारही तीच होती, की एवढ्या बडबड्या माणसाचा आवाज मोठा कशाला करायचा. ती प्रत्येक स्पर्धा पाही, पण टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून. नावं सुरू झाली की खुर्ची पुढे ओढायची, चष्मा चढवायचा आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढायची. मग फोन.

"आजही नव्हतं गं."

यापलीकडे ती काही बोलत नसे. बोलायच्या त्या समोरच्या घरातल्या ताई. त्यांनी एकदा जिन्यात आईला समजावलं होतं की मोठ्या ठिकाणी चहा देणं हेही कामच आहे, त्यात कमीपणा कसला. आईनं ते लेकीला सांगितलं नाही. पण त्यानंतर आठवडाभर ती जिना उतरली नव्हती, आणि का उतरली नाही हे बाईंना ताईंकडूनच कळलं.

आता महिनाअखेर बाई निवृत्त होणार होत्या. शनिवारची अंतिम स्पर्धा ही त्यांची शेवटची फेरी. शनिवारी नाव आलं तर आलं, नाहीतर समोरच्या ताईंच्या लेखी त्या जन्मभर चहावाल्या.

म्हणून बुधवारी त्या निर्मात्यांकडे गेल्या. निर्माते म्हणजे साहेब, मनानं वाईट नव्हे, पण त्यांना कशाचीही भीती वाटे. त्यांनी दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला. बाईंचं नाव टाकलं तर लोक विचारणार की ह्या बाई कोण. मग सांगावं लागणार की घोडा ऐकतोय एक आणि प्रेक्षक ऐकतायत दुसरंच. झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई. म्हणूनच तर पहिल्या दिवशी सगळ्यांना बजावलं होतं की ही गोष्ट घरीसुद्धा बोलायची नाही.

"लोकांना वाटतं घोडा संगीतावर नाचतो," साहेब म्हणाले. "त्यांना काय सांगू? तो तुमच्या तालावर नाचतो?"

"तो कुठं नाचतो साहेब. त्याच्या पायांवर मी नाचते."

हे वाक्य साहेबांना इतकं आवडलं की त्यांनी ते लिहून घेतलं. नाव देण्याचं मात्र घोडं तिथंच अडलं.

मग उरले भरधावराव. समालोचक. हे पूर्वी घोड्यांच्या शर्यतींचं वर्णन करत, आणि दोन मिनिटांत बारा घोडे पोचवायची सवय लागल्यानं एकच घोडा सात मिनिटं सावकाश चालतो आहे हे त्यांना सहन होत नसे. उचलली जीभ लावली टाळ्याला. संगीत खालच्या मजल्यावरून येतं हे त्यांना पहिल्याच सोमवारी समजावून सांगितलं होतं, आणि गुरुवारपर्यंत ते विसरले होते. तेव्हापासून गेली अकरा वर्षं ते अगदी मनापासून घोड्यांच्या कानांचं कौतुक करत होते. आयत्या बिळावर नागोबा म्हणावं, तर नागोबाला निदान बीळ आपलं नाही एवढं ठाऊक असतं.

बाईंनी त्यांना लिफ्टमध्ये गाठलं आणि शनिवारी बोलता बोलता एकदा आपलं नाव घ्याल का असं विचारलं. भरधावराव हसले. म्हणाले, बाई, घोड्याच्या आणि सुरांच्या मधे तिसऱ्या माणसाचं नाव कसं आणायचं, रसभंग होतो. आणि तिसऱ्या मजल्यावर उतरून गेले.

बाई रागावल्या. त्या आरडाओरडा करणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांचा राग हाताखालच्या कळीतून निघायचा.

शनिवारी दुपारी फेरी सुरू झाली. पहिला घोडा काळा, तरणाबांड. भरधावरावांनी नेहमीप्रमाणे एक लांबलचक वाक्य उघडलं, ज्यात निसर्ग, शिस्त आणि मानवाचा इतिहास येणार होता. ते क्रियापदाशी पोचतात न पोचतात तोच बाईंनी तुताऱ्या वर आणल्या. वाक्य बुडालं. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून धरलं, पुन्हा क्रियापदाशी तुताऱ्या. पावलाला ताल अचूक होता, त्यामुळे कुणाला काही म्हणता येईना. दुसऱ्या घोड्याच्या वेळी त्यांनी स्वाराच्या राजबिंड्या बैठकीची स्तुती आरंभली, तर बाईंनी खालून एक जाडजूड, पोट सुटल्यासारखं वाजणारं फुंकवाद्य सोडलं. स्वार खरोखरच जरा स्थूल होते. ध्वनिकक्षाच्या काचेपलीकडे बसलेल्या साहेबांनी भुवया उंचावल्या. बाईंनी डोळे घोड्याच्या डाव्या पायावरून हलवले नाहीत.

शेवटी आला आजोबा. हा राखाडी घोडा, सतरा वर्षांचा, चार वेळचा विजेता, आणि इमारतीतले सगळेच त्याला आजोबा म्हणत. त्याची स्वार एक शांत, सडपातळ बाई होती. आजोबावर आपल्या बाईंचा जीव होता. त्याची पावलं इतकी सरळ आणि समजूतदार होती, की तो असला म्हणजे कळ फिरवावी लागते आहे असं वाटतच नसे. त्याच्यासाठी त्यांनी साठ्यातली सगळ्यात सुंदर धून राखून ठेवली होती. तीन मिनिटं सगळं लोण्यासारखं गेलं. बाईंचा रागही निवत आला होता.

आणि मग बाईंच्या डाव्या हाताशी काहीतरी गप्प झालं.

तिथं चहाच्या डब्याएवढा एक जुना स्पीकर होता. मैदानातला खरा आवाज त्यातून बारीक ऐकू यायचा, फक्त बाईंना, अंदाजासाठी. तो आवाज प्रेक्षकांकडे सोडणारी सरकती पट्टी कायम बंद. त्या स्पीकरमधून इतका वेळ स्वारीणबाईंचं गाणं कुजबुजत होतं, ते मधेच तुटलं. राहिली नुसती लोकांची चुळबुळ आणि एक खोकला. मैदानातले भोंगे बंद पडले होते.

आजोबा आणखी दहा-बारा पावलं चालला. मग स्वारीणबाईंनी त्याला मैदानाच्या मधोमध उभं केलं, परीक्षकांकडे पाहिलं आणि हात वर केला.

दोन सेकंदांत सगळं झाकता आलं असतं. बाईंनी धून हलकेच उतरवली असती तर प्रेक्षकांना वाटलं असतं की गाणं बंद पडलं आणि घोडा थांबला, इतकं ते स्वाभाविक दिसलं असतं. अकरा वर्षं त्यांनी असली झाकपाक डोळे मिटून केली होती. त्यांचा अंगठा सवयीनं कळीकडे गेलाही. तेवढ्यात कानात भरधावरावांचा आवाज आला.

"पाहा, काय हा विराम. सूर टिपेला पोचले आहेत आणि घोडा थांबून ते ऐकतो आहे."

बाईंनी अंगठा उचलून मांडीवर ठेवला.

धून चालूच राहिली, आणि आता नेमका तिचा सगळ्यात धडाक्याचा भाग आला. ढोल वाजले, तुताऱ्या वाजल्या. पडद्यावर एक म्हातारा घोडा शेपटी हलवत उभा. भरधावरावांनी सांगितलं की वर केलेला हात हे सुरांना अभिवादन आहे. स्वारीणबाईंनी वैतागून आपल्या कानाकडे बोट दाखवलं, तर त्या प्रेक्षकांना कान देऊन ऐकायला सांगत आहेत. परीक्षकांपैकी एक जण खुर्चीतून उठून मैदानात चालत आले, तर संगीताचा मोह त्यांनाही आवरला नाही. आजोबानं लीद टाकली. त्यावर मात्र भरधावराव क्षणभर अडखळले.

काचेपलीकडे साहेब उभे राहिले होते. त्यांचा आवाज बाईंच्या कानात आला.

"बाई, संगीत बंद करा."

"कुणाचं, साहेब?"

"कुणाचं म्हणजे? हे वाजतंय ते."

"ती स्पर्धकांची निवड आहे. पाटीवर तसंच लिहिलंय. त्यांच्या निवडीला मी कसा हात लावू?"

साहेबांनी काचेवर तळहात टेकला. वर भरधावराव आता घोड्याच्या ध्यानधारणेबद्दल बोलू लागले होते, आणि पुढची धून, एक उडता विनोदी नाच, आपोआप सुरू होण्याच्या बेतात होती. बाईंनी ती पडद्यावर बोटानं साहेबांना दाखवली.

"टाकतो नाव," साहेब म्हणाले. "आजच. सगळ्यात वर. आता बंद करा."

बाईंनी बंद केलं. पण खाडकन नाही, चार ठोक्यांत, समेवर आणून. राग कितीही असला तरी धून मधे तोडणं त्यांच्यानं झालं नसतं. मग ज्या पट्टीला अकरा वर्षं कुणी हात लावला नव्हता ती त्यांनी वर सरकवली, आणि मैदानातला निवेदक घरोघर ऐकू आला. तो दिलगिरी व्यक्त करत होता. भोंगे बंद पडल्यामुळे गाणं अर्ध्यावर थांबलं, दुरुस्ती झाल्यावर स्वार पुन्हा पहिल्यापासून फेरी करतील.

भरधावराव गप्प होते. अकरा वर्षांत पहिल्यांदा. बऱ्याच वेळानं खालच्या मजल्याशी बोलायचं बटण दाबून त्यांनी विचारलं, तेही हळू आवाजात.

"बाई, आता मी काय सांगू?"

"खरं असेल ते सांगा."

"खरं काय आहे?"

आणि ते खरोखरच विचारत होते. तेव्हा बाईंचा राग गेला. एवढ्या निरागस माणसावर रागवायचं तरी कुठून. त्यांनी त्यांना चार वाक्यांत सगळं सांगितलं, पहिल्या सोमवारी सांगितलं होतं तसंच.

पुढे जे झालं त्याचं श्रेय भरधावरावांना द्यायला हवं. त्यांनी ती चारही वाक्यं लोकांना सांगून टाकली, सावकाश, एकही अलंकार न घालता. काचेपलीकडे साहेबांनी आधी डोकं धरलं, आणि मग आता व्हायचं ते झालं म्हणून खाली बसले. भरधावराव म्हणाले की गेली अकरा वर्षं मी घोड्याच्या कानाची तारीफ करत आलो, ती एका माणसाच्या कानाची होती. त्यांनी बाईंचं नाव घेतलं. पूर्ण नाव, मधे वडिलांच्या नावासकट.

वडिलांचं नाव त्या खोलीत कधी ऐकू येईल असं बाईंना वाटलं नव्हतं. आणि त्याच क्षणी त्यांना घरचा टीव्ही आठवला. आवाज बंद. देशभर गेलेलं नाव नेमकं त्या एका खोलीत पोचलं नव्हतं. आता सगळी भिस्त शेवटच्या पाटीवर.

भोंगे दुरुस्त व्हायला पंचवीस मिनिटं लागली. आजोबा परत आला. बाईंनी तीच धून पहिल्यापासून लावली आणि डोळे डाव्या पायावर ठेवले. भरधावराव पूर्ण सात मिनिटं एक अक्षर बोलले नाहीत, ते त्यांना किती जड गेलं असेल कोण जाणे. आजोबा जागच्या जागी पावलं उचलत राहिला तेव्हा प्रत्येक पावलाखाली ठोका होता, आणि शेवटच्या थांब्याला शेवटचा सूर असा येऊन टेकला की साहेबांनी काचेपलीकडे नकळत मान डोलावली. बाईंना स्वतःचाच अभिमान वाटला, आणि तो वाटू द्यायला त्यांची काही हरकत नव्हती.

पण त्या पंचवीस मिनिटांनी घोटाळा केला होता. आजोबा मैदानाबाहेर पडतो न पडतो तोच ठरलेल्या वेळेला पुढचा कार्यक्रम लागला. नावांची पाटी गेलीच नाही. तीत सगळ्यात वर बाईंचं नाव टाकलेलं होतं, ते साहेबांनी संगणकावर दाखवलं. भोंगे बंद पडले म्हणून नाव आलं, आणि भोंगे बंद पडले म्हणूनच ते गेलं. साहेब ओशाळून म्हणाले की उद्या नक्की टाकतो. उद्याचं थेट प्रक्षेपण जलतरणाचं होतं.

"पोहणाऱ्यांत माझं नाव?" बाई म्हणाल्या. "नको साहेब. शेजारच्या ताई विचारतील, आता तिथं चहा देतेस का."

त्या पायीच घरी निघाल्या. वाटेत फोन वाजला नाही. 'आजही नव्हतं' हेदेखील सांगायचं आईनं सोडून दिलं असावं असं त्यांच्या मनात आलं, आणि त्या जिना चढू लागल्या.

दार उघडंच होतं. आत समोरच्या ताई खुर्चीत बसल्या होत्या आणि बाईंना पाहून चक्क उठून उभ्या राहिल्या. टीव्हीवर कुठलीतरी जाहिरात एवढ्या मोठ्यानं किंचाळत होती की खिडकीची काच थरथरत होती.

झालं होतं ते असं. घोडा भर मैदानात उभा राहिला, त्या बाईनं हात वर केला, एक गृहस्थ चालत आले, घोड्यानं लीदही टाकली, हे सगळं आईनं मुक्यानं पाहिलं. मग मात्र तिला राहवेना. आता हा मेला याचं काय सांगतो ते तरी ऐकू, म्हणून तिनं आवाजाचं बटण दाबलं, आणि सवय नसल्यानं दाबूनच धरलं. त्या गडगडाटाची तक्रार करायला ताई धावत आल्या, आणि दारातच त्यांच्या कानावर बाईंचं पूर्ण नाव पडलं, वडिलांच्या नावासकट. तेव्हापासून त्या इथंच होत्या. त्यांनी बाईंचे दोन्ही हात धरून बरंच काही कौतुकाचं सांगितलं. चहाचा विषय निघाला नाही.

ताई गेल्यावर बाईंनी टीव्ही बंद केला. आई चष्मा पुसत बसली होती.

"ऐकलंस ना नाव?" बाईंनी विचारलं.

"नाव ऐकलं. पण त्याच्या आधीचंही ऐकलं." आईनं चष्मा चढवून लेकीकडे पाहिलं. "घोडा उभा आणि तुझा बाजा चालू. अकरा वर्षं हेच काम करतेस, आणि एवढा मोठा घोडा थांबलेला दिसला नाही तुला? लाज वाटली मला, शेजारीण होती इथं."

बाईंनी तोंड उघडलं. अकरा वर्षांत एक पाऊल चुकलं नव्हतं, आणि जे एकदा चुकवलं तेच आईनं ऐकलं होतं. ते मुद्दाम केलं हे सांगावं का, आणि कुणासाठी केलं हेही?

"चुकलं, आई."

"दुसऱ्या वेळेला मात्र सुधारलंस. एक पाऊल सोडलं नाहीस. मी इथं पायानं धरत होते." आईनं सपाता घातलेला पाय जमिनीवर दोनदा आपटून दाखवला. "इतकं चांगलं करतेस तर अकरा वर्षं मला आवाज लाव म्हणून का नाही सांगितलंस?"

"साहेबांनी बजावलं होतं. घरीसुद्धा बोलायचं नाही म्हणून."

"माझं एक कधी ऐकलं नाहीस," आई म्हणाली, "त्याचं बरं ऐकलंस."

बाई आईच्या खुर्चीशी खालीच बसल्या. उद्या सकाळी हीच स्पर्धा जशीच्या तशी पुन्हा दाखवणार होते हे आईला ताईंकडून कळलं होतं, आणि तिनं आताच रिमोट लेकीच्या हातात दिला. सकाळी तो माणूस बोलायला लागला की आवाज कमी, बाजा लागला की जास्त, असं तिला हवं होतं, आणि साउंडमध्ये आहेस तर एवढं तुला जमायला हवं असं तिचं म्हणणं होतं.